बारा स्टुलं, त्यातली अकरा हलली: सोलापुरातल्या एका सुतारकाम वर्गाचं प्रकरण

एप्रिल 2024 चा दुसरा आठवडा, वर्ग सुटायची वेळ, आणि बालवाडीच्या ताईंचा फोन आला. "सर, पोरांनी करून दिलेली स्टुलं हलालेत. काल एक पोरगी पडली." पोरीला किती लागलं ते आधी विचारलं, हनुवटीला खरचटलं होतं तेवढंच, पण फोन ठेवल्यावर मला बराच वेळ काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी छोट्या टेम्पोतून बाराच्या बारा स्टुलं आमच्या शेडच्या दारात उतरली. पोरं गप उभी होती. तीन महिन्यांपूर्वी, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी, हीच स्टुलं त्यांनी स्वतः खांद्यावर घेऊन बालवाडीत नेली होती आणि फोटो काढले होते.

सुतारकाम शिकवणाऱ्या गरीब केंद्रांचा विषय निघाला की मशीन नाही, जागा नाही, अनुदान नाही हे सगळे बोलतात आणि ते खरंच आहे. पण ही स्टुलं मशीन नाही म्हणून हलली नव्हती. ती का हलली हे शोधायला आम्हाला दीड महिना लागला, म्हणून ते सगळं जसं झालं तसं लिहून ठेवतोय.

आधी केंद्राबद्दल. पूर्व भागात एका ट्रस्टचं केंद्र आहे, पूर्वी सुताचं गोडाऊन होतं, वर पत्रा. मी निदेशक, म्हणजे प्रात्यक्षिक पण मीच, थिअरी पण मीच आणि वखारीत जाऊन लाकूड आणणारा पण मीच. आमचा अभ्यासक्रम वर्षाचा, साधारण आयटीआयच्या कारपेंटर ट्रेडच्या धर्तीवर. तिथं आठवी पासवर प्रवेश मिळतो, वर्षाचे 1200 तास आणि त्यातले 840 तास प्रात्यक्षिकाचे. आम्ही 24 पोरं घेतो. 24 पोरांना त्या वर्षी रंधे होते 5, लाकूड कोरायच्या पटाश्या 9, करवती 4, आणि धार लावायचा दगड एक, तोही मधोमध खड्डा पडलेला. दिवसाला पाच तास प्रात्यक्षिक धरलं तर एका पोराच्या हातात रंधा येतो कसाबसा तासभर, बाकीचा वेळ तो दुसऱ्याकडं बघत उभा. एक मोठं रंधा-करवतीचं मशीन देणगीत आलंय, पण त्याला थ्री फेज लागतं आणि शेडला सिंगल फेज आहे, त्यामुळं ते ताडपत्रीखाली झाकून ठेवलंय.

पोरांच्या घरी आई विड्या वळते, वडील पॉवरलूमवर नाहीतर बांधकामावर. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी-हिंदी. दिवाळीपर्यंत 24 ची 17 झाली होती. सात जण गेले, त्यातले पाच तर प्लायवुडच्या कामावर हेल्पर म्हणून, रोजचे पाचशे रुपये मिळतात म्हणून. त्यांना मी काय सांगणार, घरात रोजच्या पाचशेची गरज असते.

नोव्हेंबरात बालवाडीच्या स्टुलांचं काम आलं. लाकडाचा खर्च ते देणार आणि वर थोडी मजुरी, ती पोरांत वाटायची. मला फार आनंद झाला कारण पहिल्यांदा पोरांच्या हातचं काहीतरी वापरात जाणार होतं. एरवी आमच्याकडं सांधे करायचे, मला दाखवायचे आणि मग चुलीत. साग आमच्या हिशेबात बसतच नाही, म्हणून सॉ मिलमधून बाभूळ चिरून आणली, पायांना दोन इंची, पट्ट्यांना एक इंची. सात जणांनी एकेकट्यानं एकेक स्टूल केलं आणि दहा जणांनी जोडीनं पाच. प्रत्येक स्टुलाला वर चार पट्ट्या, खाली चार, प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना जीभ, ती पायातल्या चौकोनी भोकात बसणार. म्हणजे एका स्टुलाला 16 सांधे आणि बारा स्टुलांना 192.

उघडून बघितलं तेव्हा

स्टुलं परत आली त्या दिवशी मी अभ्यासक्रम बाजूला ठेवला. दुरुस्ती लगेच करायची नाही, आधी मोजायचं असं ठरवलं. पोरांना म्हणलं कुणाचं स्टूल कुठलं ते विसरा, प्रत्येक सांधा हातानं हलवून बघा आणि हलला की खडूनं फुली मारा. 192 पैकी 111 वर फुल्या पडल्या. एका स्टुलाला एकही फुली नाही. आणखी एकाला फक्त दोन. बाकीच्या दहा स्टुलांत 109.

मग आम्ही सैल सांधे मोगरीनं ठोकून सोडवले. एक पट्टी काढली, जिभेची रुंदी मोजली. करताना 75 मिमी केली होती, आता 72 भरली. जाडी 12 ची साडेअकरा झालेली. लाकूड आक्रसलं होतं हे दिसतच होतं, पण पोरांना ते आकड्यात दाखवायचं होतं आणि आमच्याकडं ओलावा मोजायचं मीटर नाही. म्हणून जुनी पद्धत केली. त्याच सॉ मिलमधून ताज्या बाभळीचा एक तुकडा आणला, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन केलं, 120 ग्रॅम. माझ्या घरच्या ओव्हनमध्ये शंभर अंशाच्या आसपास ठेवून दर दोन-तीन तासांनी वजन करत राहिलो, वजन उतरायचं थांबलं तेव्हा 88. म्हणजे 32 ग्रॅम पाणी, भागिले 88, छत्तीस टक्के. स्टुलाच्या तुटलेल्या पट्टीचा तुकडा तसाच वाळवला तर सात टक्के निघाला.

हे सात आणि छत्तीस फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले तेव्हा पोरांना लगेच समजलं. लाकडातला ओलावा तीसच्या आसपास येईपर्यंत लाकूड फारसं आक्रसत नाही, त्याच्या खाली उतरला की आक्रसायला लागतं, लांबीत जवळजवळ नाही पण रुंदीत आणि जाडीत हमखास. आणि सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको, एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर, हवेत ओल नाही, पत्र्याखाली तर भट्टीच. नोव्हेंबरातली ओली बाभूळ एप्रिलपर्यंत खडखडीत वाळली आणि जीभ भोकातून सुटली.

पण एवढंच कारण असतं तर बाराही स्टुलं सारखीच सैल झाली असती.

ज्या स्टुलाला एकही फुली नव्हती ते एका पोरानं एकट्यानं केलेलं. त्याच्या वाट्याच्या लाकडातला एक पाय चिरला होता आणि माझ्याकडं द्यायला दुसरं लाकूड नव्हतं. तेव्हा त्यानं घरून लाकूड आणलं, "सर, आजोबाच्या मागाचं हाय" एवढं म्हणाला होता आणि मी गडबडीत नीट ऐकलंही नव्हतं. आजोबा हातमागावर विणायचे. माग मोडून मागच्या खोलीत पडला होता, त्यातल्या दोन आडव्या लाकडांतून त्यानं सगळं स्टूल काढलं. चाळीस-पन्नास वर्षं वाळलेला साग तो. तो अजून काय आक्रसणार.

दुसरी गोष्ट मी त्याला विचारली, जीभ किती जाड ठेवलीस. तो म्हणाला मोजली नाही. पटाशी लाकडावर आडवी ठेवली आणि तिच्या दोन्ही कडांना धरून रेघा मारल्या, आजोबा असंच करायचे. इथं मला माझी चूक कळली आणि ती मी सगळ्या वर्गासमोर सांगितली. स्टुलाचं ड्रॉइंग मी मिमीत दिलं होतं कारण परीक्षा मिमीत असते. जीभ 12 मिमी. पण भोक ज्या पटाशीनं पाडायचं ती अर्ध्या इंचाची, म्हणजे चार सूत, म्हणजे 12.7 मिमी. ड्रॉइंगबरहुकूम ज्यानं ज्यानं काम केलं त्याचा प्रत्येक सांधा पहिल्या दिवसापासून पाऊण मिमी सैल होता, फेविकॉलनं तेवढा तग धरला होता. वर लाकूड अर्धा मिमी आक्रसलं. पांढरा गोंद पातळ थरात फार घट्ट धरतो, फट मोठी असली की त्याच्यात दम राहत नाही. उघडलेल्या सांध्यात गोंदाचा चकचकीत पापुद्रा एका बाजूला तसाच चिकटलेला, दुसऱ्या लाकडाला तो लागलाच नव्हता. आणि चार-पाच ठिकाणी फटीत फेविकॉल-भुशाचा लगदा भरलेला, जो सगळीकडं भरतात.

हा सूत-मिमीचा घोळ छोटा वाटतो पण सोलापुरात शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. सॉ मिल इंचात चिरून देते, मिस्त्री सूतात बोलतो, प्लाय मिमीत येतं, परीक्षा मिमीत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीला किंचित कमी. पहिल्याच महिन्यात एक पोरगा मला म्हणाला होता, सर सूत म्हणजे आमच्या घरी बॉबिनवर येतंय ते का. मी तेव्हा हसून पुढं गेलो. तिथंच थांबून एक अख्खा दिवस त्यावर द्यायला हवा होता. आता देतो. सुतार हा शब्दच सूत्रधारवरून आलाय, सूत धरणारा, हे पण सांगतो, पोरांना ते आवडतं कारण सूत त्यांच्या घरातलं आहे.

आता दोन फुल्यांचं स्टूल. ते आमच्या बॅचमधल्या एकुलत्या एका मुलीचं. लाकूड तेच ओलं, ड्रॉइंग तेच चुकीचं, तरी 16 पैकी 14 सांधे घट्ट. तिचं कारण शोधायला वेळ लागला कारण ती स्वतः काही सांगेना, मी काय वेगळं केलं नाही म्हणायची. मग तिची पटाशी बघितली. ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्या खड्डा पडलेल्या दगडाच्या कडेवर, जिथं थोडी सपाट जागा उरली होती तिथं, धार लावायची. धारदार पटाशी असली की माणूस जीभ थोडी जाड ठेवतो आणि भोकात लावून बघत, पातळ ढलपी काढत काढत बसवतो. बोथट पटाशीनं ढलपी निघतच नाही, लाकूड चेंगरतं, म्हणून पोरं एकदाच रेघेवर कापतात आणि बसेल तसं बसवतात. बाकीच्यांची भोकं उघडून बघितली तर आतल्या भिंती फाटलेल्या, मधे पोट आलेलं, तळाला चेंगरलेलं लाकूड तसंच.

पैसा कधी येतो

इथपर्यंत माझी आणि पोरांची बाजू झाली. तिसरी बाजू हिशेबाची आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठी तीच, आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. कच्च्या मालाचा पहिला हप्ता आमच्याकडं सप्टेंबरच्या शेवटी यायचा. ऑक्टोबरात लाकूड आणायचं, नोव्हेंबरात कापायचं आणि मार्चअखेर सगळे पैसे खर्च झालेले दाखवायचे. आता लाकूड उघड्यावर वाळायचा जुना हिशेब इंचाला एक वर्ष असा आहे, आमच्याकडच्या उन्हात थोडं लवकर होतं, पण महिनाभरात काही होत नाही. म्हणजे ज्या पद्धतीनं पैसे येतात त्या पद्धतीनं वाळलेलं लाकूड पोरांच्या हातात येणं शक्यच नव्हतं, वखारीतून वाळलेलं महाग लाकूड घेतलं तरच. अनेक वर्षं असंच चाललेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमचे सांधे चुलीत जायचे, ते एप्रिलपर्यंत कुणी ठेवलेच नव्हते.

मी ट्रस्टींकडं गेलो. म्हणलं एका बॅचच्या पैशातून पुढच्या बॅचचं लाकूड घेऊ द्या. हिशेबनीस म्हणाले या वर्षीच्या खर्चात पुढच्या वर्षीचा माल कसा टाकायचा, ऑडिटला काय सांगू. दोन बैठका त्यात गेल्या. शेवटी त्यांनीच वाट काढली, वर्षअखेरचा शिल्लक साठा म्हणून लाकूड नोंदवायचं, घनफुटाचं मोजमाप आणि थप्पीचा फोटो जोडायचा. मे महिन्यात तशी बाभूळ आली. टोकांना जुना ऑइल पेंट लावला कारण टोकं लवकर वाळून चिरतात, मधे पट्ट्या टाकून थप्पी रचली, उन्हाच्या बाजूला गोणपाट लावलं.

पण पुढच्या बॅचला त्या वर्षी लाकूड कुठलं? एमआयडीसीत मशिनरीच्या पेट्या आणि पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, येतात, पाइनच्या. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. एचटी असेल तर लाकूड तापवून, म्हणजे आतपर्यंत 56 अंश अर्धा तास, किडे मारलेले असतात, ते घ्यायचं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते आम्ही घेत नाही, पोरांच्या नाकातोंडात भुसा जातो. पॅलेटमध्ये खिळे फार, एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो, म्हणून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्रत्येक फळीवरून फिरवायचं हा नियम. पाइन मऊ, त्यातून टिकाऊ फर्निचर होणार नाही, पण खराब करायला लाकूड मिळालं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सांधा हाताला येईपर्यंत पोरानं दहा-पंधरा तरी बिघडवले पाहिजेत, आणि आमच्याकडं आजवर एका पोराला एकाच सांध्याचं लाकूड मिळायचं. पहिलाच सांधा आणि तोच परीक्षेचा. घाबरून पोरं करवतच रेघेपासून लांब ठेवायची.

धारेचं पण तसंच. दगड घ्यायला पैसे नव्हते, मग ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानातून जाड काचेचे तुकडे फुकट आणले, त्यावर वॉटर पेपर पाणी लावून चिकटवायचा, आधी 220 नंबरचा, मग 400, मग 1000, म्हणजे आधी खरखरीत मग बारीक. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून एक बादली त्यासाठी राखून ठेवलेली असते. पटाशीची धार 25 अंशाला आणि शेवटची कड 30 ला. पहिले तीन आठवडे हेच. पालक आले, म्हणाले पोरगं नुसतं घासतंय, काम कधी शिकवणार. मी त्यांच्यासमोर पाइनच्या फळीचं टोक धारदार पटाशीनं तासून दाखवलं आणि मग बोथटीनं. एकीकडं काचेसारखं गुळगुळीत, दुसरीकडं चुरा. एका वडिलांनी स्वतः पटाशी हातात घेऊन करून बघितलं. ते सुतारच होते, केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करत होते, त्यात सुताराला प्रशिक्षण आणि 15,000 रुपयांची अवजारं मिळतात. त्यांनी मला विचारलं माझ्या पोराला पण मिळेल का, तर नाही, ती योजना आधीपासून तो धंदा करणाऱ्याला आहे, घरातल्या एकालाच. शिकणाऱ्या पोराच्या हातात स्वतःची पटाशी यावी म्हणून काही असेल तर ते मला हवंय.

एक प्रश्न मला पोरं दरवर्षी विचारतात आणि तो बरोबर आहे. सर, बाहेर सगळं प्लाय-सनमायका चाललंय, हे भोक-जीभ कशाला? जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये किचन ट्रॉली बसवणारा मिस्त्री वर्षात एकही असा सांधा करत नाही. मी त्यांना खोटं सांगत नाही. पहिली नोकरी त्यांना प्लायवरच मिळणार आहे. पण काटकोन बघणं, दोन्ही कर्ण मोजून चौकट जुळवणं, रेघेवर कापणं हे हातानं लाकडावर शिकलेलं पोरगं प्लायवर महिन्यात तयार होतं, हे मी आमच्याकडून बाहेर पडलेल्या पोरांत बघितलंय. तरी आमच्याकडं प्लायचं काम कमी पडतं हे मान्यच आहे. आठ बाय चारची शीट बिघडवायला देता येत नाही. ठेकेदारांकडून उरलेले तुकडे मागून आणतो, त्यावर एजिंग, म्हणजे कडेला पट्टी लावणं, आणि बिजागऱ्या होतात, अख्खं कपाट होत नाही.

स्टुलांचं काय झालं

मे महिन्यात वर्ग सकाळी सात ते बारा केले आणि त्या अकरा स्टुलांना हात घातला. लाकूड तोवर वाळलेलंच होतं, म्हणजे आता ते दगा देणार नव्हतं. भोकं साफ केली, जिभेच्या दोन्ही गालांवर पातळ पट्ट्या चिकटवल्या आणि धारदार पटाशीनं तासत तासत घट्ट बसवल्या. सांधे आवळून धरायला शिकंजे नव्हते, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या. प्रत्येक सांध्याला आरपार एक वाळलेल्या बाभळीची खुंटी, आणि जिभेतलं भोक पायातल्या भोकापेक्षा अर्धा सूत खांद्याकडं, म्हणजे जीभ जिथून सुरू होते तिकडं, घेतलेलं, म्हणजे खुंटी ठोकली की ती जिभेला आत ओढून घेते.

त्याआधी एक दिवस सगळ्यांना घेऊन त्या पोराच्या घरी गेलो, आजोबांचा माग बघायला. आजोबा दारात खुर्चीवर बसून होते. त्यांनी नातवाला तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि त्यानं मागाचे सांधे आम्हाला उचलून दाखवले. कुठं खिळा नाही. जिभा आरपार आलेल्या आणि बाहेरून पाचरी. माग दिवसभर ठोके खातो, खिळे असते तर महिन्यात ढिले झाले असते, पाचर सैल झाली की वरून एक ठोका दिला की परत घट्ट. पोरं तासभर तिथं बसून मापं काढत होती, मी काही बोललोच नाही. निघताना मी आजोबांना नातवाच्या स्टुलाचं सांगितलं, बारातलं तेवढं एकच हललं नाही म्हणलं. त्यांनी स्टूल कुठं आहे विचारलं. बालवाडीत जाणार म्हणल्यावर मान हलवली.

जूनमध्ये बालवाडी उघडली त्या आठवड्यात स्टुलं परत पोचवली. पुढच्या एप्रिलमध्ये मी स्वतः गेलो, बसून, हलवून बघितलं, दोन स्टुलांचा एकेक सांधा किंचित हलत होता, तिथंच खुंटी ठोकून आलो. ताई म्हणाल्या आता पोरं त्यांच्यावर उभी राहून फळ्यावर लिहितात.

मे 2024 मधल्या थप्पीला आता दुसरी बॅच सांभाळते. थप्पीवर खडूनं तारीख लिहिलीय, आणि दर सोमवारी एक ठरलेला तुकडा काट्यावर ठेवून वजन वहीत लिहायचं, हे काम पोरं पाळीपाळीनं करतात. पट्ट्यांचं एक इंची लाकूड दहा टक्क्यांवर आलंय, त्याच्यावर काम सुरू झालं. पायांचं दोन इंची अजून तेरावर आहे. पोरं रोज विचारतात, सर, कापू का. मी अजून नाही म्हणतोय.